घरची वही, पेढीची वही

मशीद बंदरच्या गल्ल्यांत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या पिढीच्या व्यापाऱ्यांचा एक दंडक होता. घरखर्चाची वही वेगळी आणि पेढीची वही वेगळी. गादीवर बसलेल्या माणसाने घरच्या किराण्यासाठी गल्ल्यातून चार रुपये उचलले, तरी ते स्वतःच्या नावे खर्ची टाकल्याखेरीज तो गादीवरून उठत नसे. घर एकच, तिजोरीही एकच. वह्या मात्र दोन. या वेगळेपणामुळे घरात दुरावा येत नसे. उलट भावाभावांत हिशेबावरून शब्द निघण्याची वेळच येत नसे.

आजच्या घरांत हा दंडक एका ठिकाणी नकळत मोडला आहे. ते ठिकाण म्हणजे संगणक. ज्या संगणकावर पेढीचा रोजमेळ, खतावणी आणि कराची विवरणपत्रे असतात, त्याच संगणकावर संध्याकाळी घरातील मुले गृहपाठ करतात, चित्रपट पाहतात, खेळ उतरवून घेतात आणि कोठून कोठून आलेल्या फायली उघडतात. कागदाच्या जमान्यात कीर्दीच्या पानावर कोणी मुलाला चित्र काढू दिले नसते. संगणकाच्या बाबतीत मात्र ती मोकळीक आपण सहज देऊन टाकली आहे.

१९८० च्या दशकापासून पुढे मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून तुर्भे-वाशीच्या आवारात आले. भायखळ्याची भाजी आली, क्रॉफर्ड मार्केटची फळे आली, मशीद बंदरचे धान्य आणि मसाले आले. त्याच सुमारास हिशेबाची पद्धतही बदलू लागली होती. १९८६ साली बंगळुरूत श्यामसुंदर गोयंका या व्यावसायिकांना स्वतःच्या धंद्यासाठी मनासारखी हिशेबप्रणाली मिळेना. त्यांनी ती लिहिण्याचे काम आपले चिरंजीव भरत यांच्यावर सोपवले आणि त्यातूनच पुढे टॅली उभी राहिली. व्यापाऱ्याच्या घरातून निघालेली ही प्रणाली व्यापाऱ्यांनीच देशभर नेली. लाल वही दिवाळीतील पूजनापुरती उरली आणि रोजची वही विंडोजवर चालणाऱ्या संगणकात गेली.

सानपाड्यात राहणारे आणि तुर्भ्याच्या धान्य बाजारात गाळा असलेले एक कुटुंब उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. नाव कोणतेही द्यावे. असे कुटुंब प्रत्येक इमारतीत एखादे तरी सापडेल. घरात आजोबा आहेत, ज्यांनी मशीद बंदर पाहिले. गादी सांभाळणारे त्यांचे चिरंजीव आहेत. आणि संगणक अभियांत्रिकी शिकणारी नात आहे. गाळ्यावर बिले फाडण्यासाठी एक संगणक आहे, पण खरा हिशेब, वार्षिक ताळेबंद आणि कराचे काम घरातल्या मोठ्या संगणकावर रात्री होते. नातीला अभ्यासासाठी लिनक्स हवे आहे. महाविद्यालयातील प्रात्यक्षिके त्यावर होतात. जगातील बहुतांश सर्व्हर त्यावर चालतात आणि पुढे नोकरीतही त्याचीच ओळख उपयोगी पडणार आहे. वडिलांचे उत्तर ठरलेले आहे. “या मशीनला हात लावायचा नाही. यात सहा वर्षांची पेढी आहे.”

वडिलांचे म्हणणे अवास्तव नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाचे दस्तऐवज त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. संगणक बिघडला, ही सबब अधिकाऱ्यापुढे फार काळ टिकत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी कोणाकडे किती येणे आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याची बाजारातील पत किती दिवस राहणार? पण नातीचे मागणेही अवाजवी नाही. पेढीच्या भीतीपोटी घरातील मुलीचा अभ्यास अडावा, हे त्या घराला परवडणारे नाही. तेव्हा एकाच यंत्रात दोघांना जागा कशी द्यावी, हा त्या घरापुढचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, न्हावा-शेव्याच्या बंदरात घडलेली एक घटना आठवावी लागते.

२७ जून २०१७ रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम एकाएकी थांबले. गेटवे टर्मिनल्स इंडिया हे ते टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडून चालवले जात होते. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे, तो कोणत्या जहाजावर चढायचा आहे, हे सारे ज्या संगणकांना ठाऊक होते तेच मुके झाले. माल बंदरातच अडकू लागला. त्या दिवशी मर्स्कची जगभरची कार्यालये अशीच बंद पडली होती. कारण होते नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम.

हा प्रोग्राम मर्स्कच्या दारात कोणत्या वाटेने आला, हे व्यापाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगे आहे. युक्रेनमध्ये कराची विवरणपत्रे भरण्यासाठी वापरली जाणारी एक हिशेबप्रणाली आहे. तिचे नाव एम.ई.डॉक. हल्लेखोरांनी त्या प्रणालीच्या नेहमीच्या सुधारित आवृत्तीतच विष कालवले. ओडेसा येथील मर्स्कच्या कार्यालयात ही प्रणाली एका संगणकावर बसवलेली होती. तेथून आत शिरलेला प्रोग्राम समूहाच्या जाळ्यातून सर्वत्र पसरला. संगणक सुरू होताना ज्या भागाकडून त्याला पहिला आदेश मिळतो, तोच भाग त्याने बदलला आणि मग डिस्कवरील फायलींची सूची कुलूपबंद केली. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितली जात होती, पण ती देऊनही माल परत मिळण्याची सोय मुळात ठेवलेलीच नव्हती.

पुढे जानेवारी २०१८ मध्ये दाव्होस येथे मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितले की समूहाला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात होता. या उभारणीसाठी समूहाच्या जाळ्याची मूळ नोंदवही हवी होती. तिच्या प्रती अनेक देशांतील सर्व्हरवर होत्या आणि एकीत झालेला बदल लगेच इतरांत उतरत असे. प्रत्येकाला वाटत होते की एक गेली तर दुसरी आहेच. त्या सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या होत्या, म्हणून सगळ्या एकदमच गेल्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतील घाना या देशातली. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. ती डिस्क हाती घेऊन माणूस आधी नायजेरियात गेला. तेथे दुसऱ्याच्या हाती सोपवून ती विमानाने इंग्लंडला नेली गेली. एवढा मोठा समूह एका डिस्कच्या बळावर पुन्हा उभा राहिला, आणि ती डिस्क वाचली ती त्या घडीला कशालाही जोडलेली नव्हती म्हणून.

या घटनेतून दोन गोष्टी हाती लागतात. वेगळे ठेवणे म्हणजे खरोखर वेगळे ठेवणे. नावापुरते वेगळेपण संकटात उपयोगी पडत नाही. आणि एका यंत्रात दोन वहिवाटी नांदवायच्या असतील, तर त्यांचे उंबरे निराळे हवेत.

आता संगणकाकडे वळावे. संगणकाचे बटण दाबल्यावर सर्वप्रथम जागा होतो तो मदरबोर्डवरील एक छोटा प्रोग्राम. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्यात यूईएफआय म्हणतात. तो डिस्कवरील एक लहानसा राखीव भाग शोधतो आणि तेथे लिहिलेल्या सूचनेप्रमाणे कार्यप्रणालीला हाक मारतो. ही कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा दिवाणजी. पडदा, कळफलक, डिस्क, छपाईयंत्र, सगळ्यांकडून काम करून घेणारा तोच. विंडोज हा एक दिवाणजी आणि लिनक्स हा दुसरा. दोघे एका वेळी गादीवर बसत नाहीत. बटण दाबताना कोणाला बसवायचे ते ठरवायचे असते.

दोघांना एकाच यंत्रात ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात एकाच डिस्कचे दोन भाग पाडतात, एकात विंडोज आणि दुसऱ्यात लिनक्स. बाजारातील एका गाळ्यात मधोमध प्लायवूडचा पडदा घालून दोन भाडेकरू ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. शटर एकच, मीटर एकच. भाग पाडताना हात चुकला तर दोघांचा माल एकत्र सांडतो. विंडोजच्या मोठ्या सुधारणेनंतर लिनक्सचे दार दिसेनासे होणे, किंवा लिनक्स काढून टाकताच विंडोजही सुरू न होणे, हे प्रकार बहुधा याच मांडणीत घडतात. डिस्कच निकामी झाली तर दोघेही उघड्यावर येतात.

दुसरा मार्ग म्हणजे दोन स्वतंत्र डिस्क. विंडोजची डिस्क जशी आहे तशीच राहते. तिच्यातील एक इंचही कापला जात नाही. लिनक्ससाठी दुसरी एसएसडी घेतली जाते आणि तिचे दार तिच्यावरच असते. दोन गाळे, दोन शटर. समाईक राहते ती इमारत, म्हणजे मदरबोर्ड आणि त्यावरील यूईएफआय. ज्या घरात पेढीचा हिशेब आहे, त्या घराने हाच मार्ग धरावा. लिनक्ससाठी फार मोठी डिस्क लागत नाही. २५६ जीबीची साधी एसएसडी विद्यार्थ्याच्या कामाला पुरते आणि लॅमिंग्टन रोडवर किंवा जवळच्या संगणकाच्या दुकानात ती मिळते. लिनक्सचे उबुंटू, मिंट यांसारखे अवतार विनामूल्य आणि परवान्यासह मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचे एक केंद्र खारघरलाही आहे; तिने बॉस नावाचा भारतीय अवतार तयार केला आहे. चोरून उतरवलेली प्रत वापरण्याचा मोह त्यामुळे उरत नाही आणि तशी प्रत पेढीच्या संगणकाला शोभतही नाही.

उदाहरणातील घरात आजोबांनी हाच तोडगा मान्य केला. नातीने त्यांना दोन डिस्कचे चित्र कागदावर काढून दाखवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हणजे वह्या दोन. मग हरकत काय?” वडिलांनी मात्र एक अट घातली. पेढीची पूर्ण प्रत आधी बाहेर निघाली पाहिजे आणि ती उघडून पाहिली पाहिजे. ही अट कोणत्याही घराने सोडू नये. प्रत घेतली, एवढे पुरेसे नाही. ती दुसऱ्या संगणकावर टॅलीत उघडून मागच्या मार्चअखेरचा ताळेबंद दिसतो की नाही, हे पाहूनच पुढे जावे.

त्यानंतर दोन कामे विंडोजमध्ये करून घ्यावी लागतात. बऱ्याच नव्या संगणकांत डिस्क बिटलॉकर या कुलपाने आपोआप बंद केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मदरबोर्डच्या मांडणीत थोडा बदल होताच हे कुलूप ४८ अंकांची किल्ली मागते. ती किल्ली आधीच शोधून कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. संगणकातच ठेवलेली किल्ली कुलूप लागल्यावर हाती येत नाही. दुसरे काम म्हणजे फास्ट स्टार्टअप ही सोय बंद करणे. या सोयीमुळे विंडोज पूर्ण झोपत नाही. अर्धवट जागे राहून डिस्कवर आपले काम उघडेच ठेवते. त्या अवस्थेत लिनक्सने त्या डिस्कला हात लावला, तर नोंदी बिघडण्याचा धोका असतो.

मग येते सर्वांत महत्त्वाची पायरी. लिनक्स बसवण्यापूर्वी विंडोजची डिस्क संगणकातून काढून ठेवावी. संगणक बंद करून विजेची वायर काढावी आणि पेटी उघडावी. डिस्क वायरीने जोडलेली असेल तर तिच्या वायरी सोडवाव्यात. मदरबोर्डवर बसवलेली चपटी एनव्हीएमई पट्टी असेल तर तिचा एक बारीक स्क्रू काढून ती उचलून घ्यावी. हे जमणारे नसेल तर घरी येणाऱ्या तंत्रज्ञाकडून करून घ्यावे, पण टाळू नये. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना लिनक्स दुसऱ्या डिस्कवर बसवले, तरी त्याचा बसवणारा प्रोग्राम कधीकधी आपल्या दाराची चौकट पहिल्याच डिस्कवर ठोकतो. वरून सारे ठीक दिसते. मग पुढे केव्हातरी पहिली डिस्क काढली की लिनक्स उठत नाही. सामान स्वतःच्या खोलीत आणि चौकट शेजाऱ्याच्या भिंतीत, असा तो घोटाळा असतो. शिवाय जी डिस्क यंत्रात नाहीच, ती चुकून पुसली जाणे शक्य नाही. घानातील डिस्क याच न्यायाने वाचली होती.

त्या संध्याकाळी पेढीची डिस्क आजोबांच्या हाती दिली गेली. बोटाएवढी पट्टी. त्यांनी ती रुमालात गुंडाळून देवघराशेजारच्या कपाटात ठेवली. तासाभरात पेनड्राइव्हवरून लिनक्स नव्या डिस्कवर बसले. मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलकही त्यात निवडता आला. यंत्र दोनदा बंद-सुरू करून पाहिले आणि मग पेढीची डिस्क पुन्हा तिच्या जागी बसवली.

यानंतर कोण आधी उठणार, हे यूईएफआयमध्ये ठरवता येते. त्या घराने पहिला मान विंडोजला दिला. सकाळी वडिलांनी नुसते बटण दाबले की नेहमीची पेढी उघडते. त्यांना नवे काही शिकावे लागले नाही. नातीला लिनक्स हवे असेल तेव्हा ती बटण दाबताच एक कळ दाबून धरते आणि यादीतून आपली डिस्क निवडते. ही कळ प्रत्येक कंपनीची निराळी असते. पुष्कळ डेल आणि लेनोवो यंत्रांत एफ-१२, एचपीत एफ-९ आणि आसुसच्या पुष्कळ मदरबोर्डांवर एफ-८. ती एकदा पाहून कळफलकाच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून ठेवावी.

दुसऱ्याच दिवशी त्या घरात एक गंमत झाली आणि ती पुष्कळ घरांत होते. सकाळी दहा वाजता वडिलांनी संगणक लावला, तर घड्याळात साडेचार वाजलेले. संगणक बिघडला, असेच त्यांना वाटले. कारण साधे होते. मदरबोर्डवरील घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते. दोहोंत साडेपाच तासांचे अंतर आहे. लिनक्स वापरून यंत्र बंद केले की विंडोज उठल्यावर साडेपाच तास मागे दिसते. उलट विंडोजनंतर लिनक्स लावले, तर संध्याकाळी सात वाजता मध्यरात्रीनंतरचे साडेबारा दिसू शकतात आणि तारीखही बदलते. इंटरनेट जोडल्यावर घड्याळ बहुधा सुधारते, पण तेवढ्या वेळात केलेल्या नोंदीवर किंवा डिजिटल सहीवर चुकीची वेळ उमटू शकते. लिनक्सलाही यंत्राच्या घड्याळात भारतीय वेळच ठेवण्याचा आदेश एकदा दिला की हा घोळ संपतो. नातीने तो दिला आणि वडिलांचा रागही गेला.

दोन डिस्क झाल्या तरी काही पथ्ये राहतात. विंडोजला लिनक्सच्या डिस्कवरील मांडणी वाचता येत नाही, म्हणून ती त्याला अनोळखी वाटते. तिला फॉरमॅट करण्याविषयी विंडोजने कधी विचारले, तर उत्तर नेहमी नकाराचेच असावे. लिनक्सला मात्र विंडोजची डिस्क वाचता येते, लिहिताही येते. म्हणून पेढीच्या डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असणे इष्ट. त्यात अविश्वास नाही. तिजोरीला कुलूप असते म्हणून घरातल्या माणसांना राग येत नाही.

भिंती कितीही पक्क्या केल्या तरी इमारत एकच आहे, याची आठवण ऑगस्ट २०२४ मध्ये जगभरच्या अनेकांना झाली. त्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने विंडोजची एक सुरक्षा सुधारणा दिली. जुन्या आणि धोकादायक ठरलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामांना यंत्राने उभे करू नये, असा तिचा हेतू होता. ज्या यंत्रांत विंडोजसोबत लिनक्सही आहे, तेथे ती लागू होणार नाही, असे सांगितले गेले होते. पण अनेक यंत्रांत ही जोडी ओळखलीच गेली नाही आणि लिनक्स उठेनासे झाले. नवा नियम डिस्कवर न लिहिता मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिला गेल्यामुळे वेगळी डिस्कही त्यातून सुटत नव्हती. या दोषाचे पूर्ण निवारण मे २०२५ मधील सुधारणांनी झाले. पेढीचे विंडोज त्या काळातही चालूच होते. अडला तो लिनक्सचा भाग. तेव्हा लिनक्सची आवृत्ती ताजी ठेवणे आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह हाताशी ठेवणे, ही दोन पथ्ये पाळावीत.

आणखी एक भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. यंत्रात दोन डिस्क आहेत म्हणजे पेढीची प्रत आपोआप सुरक्षित आहे, असे नव्हे. नॉटपेट्यासारखा प्रोग्राम विंडोजमध्ये शिरला, तर त्याला यंत्राला जोडलेली प्रत्येक डिस्क गाठता येऊ शकते. विजेचा जोराचा धक्का बसला, चोरी झाली, पावसाळ्यात तळमजल्याच्या घरात पाणी शिरले, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. म्हणून तिसरी एक बाहेरची डिस्क हवी. आठवड्यातून एकदा तिच्यावर पेढीची प्रत घ्यावी, प्रत पूर्ण होताच ती सोडवावी आणि दुसऱ्या जागी ठेवावी. घरच्या संगणकाची प्रत गाळ्यावर, गाळ्याची घरी, ही अदलाबदल सोपी आणि बिनखर्चाची आहे. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादे खाते उघडून पाहावे.

ज्यांच्याकडे जुने संगणक आहेत, त्यांनी एक तारीखही ध्यानात ठेवावी. विंडोज १० ची नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर साधारणपणे त्या यादीत नाहीत. अशा यंत्रावर पेढीचा हिशेब इंटरनेटला जोडून ठेवणे दिवसेंदिवस जोखमीचे होत जाईल. हिशेब नव्या यंत्रावर न्यावा आणि जुन्यात एक एसएसडी घालून लिनक्स बसवावे. यंत्र भंगारात जाण्याऐवजी मुलांच्या अभ्यासाला आणखी काही वर्षे उपयोगी पडेल.

उदाहरणातील घरात आता रात्री एकाच टेबलावर दोन कामे चालतात. साडेनऊपर्यंत वडिलांची पेढी असते. ते काम संपवून यंत्र बंद करतात, नात कळ दाबून आपले जग सुरू करते. शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत घेण्याचे काम वडिलांनी तिच्याकडे सोपवले आहे. ज्या यंत्राला तिने हात लावू नये असे ते म्हणत होते, त्याचीच राखण आता तिच्याकडे आहे. प्रत झाली की ती डिस्क आजोबांच्या हाती जाते आणि ते ती सोमवारी गाळ्यावरच्या तिजोरीत ठेवायला पाठवतात.

गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर लाल वहीशेजारी आजोबांनी ती बाहेरची डिस्कही ठेवली. नातीने विचारले, “आजोबा, हिलाही कुंकू लावायचे?” त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “डबीला लाव. आत जाऊ देऊ नकोस.”